ट्रॅक डेसाठी पहिली बाईक कोणती? थेट ६०० सीसी घ्यावी का?

रस्त्यावर काही वर्षं चालवून हात बसलाय, आता ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचे दिवस) सुरू करायचेत, तर थेट ६०० सीसीची सुपरस्पोर्ट (रेसिंगच्या धर्तीची वेगवान बाईक) घ्यावी की लहान गाडीपासून सुरुवात करावी, असं तुम्ही विचारलंय. लहान घ्या. ३०० ते ४०० सीसी, सेकंड-हँड, आणि मिळाली तर कुणीतरी आधीच ट्रॅकसाठी तयार केलेली.

यामाहा आर६ सारखी गाडी पहिल्याच गिअरमध्ये शंभरच्या बरीच पुढे जाते. सरळ पट्ट्यावर पिळलीत की पुढच्या वळणाशी पोचेपर्यंत सगळं लक्ष ब्रेकवर एकवटतं. वळणात कुठून शिरायचं, नजर कुठे न्यायची, ब्रेक किती हळूहळू सोडायचा, हे शिकायला डोक्यात जागाच उरत नाही. शिवाय वळणात घालवलेला वेग ६०० चं इंजिन पुढच्या पट्ट्यावर भरून काढतं, त्यामुळे कुठे कमी पडलो ते समजतच नाही. कावासाकी निन्जा ४०० वर ते लगेच समजतं. थ्रॉटल पूर्ण उघडा असतो आणि तरीही तशीच गाडी असलेला दुसरा रायडर शांतपणे पुढे निघून जातो. मी स्वतः यामाहा आर३ वर शिकलो आणि ती गाडी अजून विकलेली नाही, यावरून काय ते समजा.

मॉडेलवरून फार डोकं लढवू नका. निन्जा ४०० (३९९ सीसी, दोन सिलिंडर) खालच्या आरपीएमलाही चांगली ओढते, त्यामुळे गिअर चुकला तरी सांभाळून घेते. आर३ (३२१ सीसी) सतत वरच्या आरपीएमला ठेवावी लागते. केटीएम आरसी ३९० एक सिलिंडरची आणि वळायला फार चपळ. २०१७ साली वर्ल्ड सुपरबाईक या जागतिक रेसिंग स्पर्धेसोबत लहान गाड्यांचा सुपरस्पोर्ट ३०० हा वर्ग सुरू झाला आणि या तिन्ही गाड्या त्यात धावल्या. त्याचा आपल्याला फायदा हा की रेस फेअरिंग (गाडीचं बाहेरचं आवरण), रिअरसेट (मागे-वर घेतलेले फुटरेस्ट), कडक स्प्रिंग असं सामान या गाड्यांना सहज मिळतं. तुम्ही उंच किंवा वजनदार असाल तर सुझुकी एसव्ही६५० बघा. जुनी झाली तरी दणकट गाडी आहे, फक्त पुढचं सस्पेन्शन सुधारून घ्यावं लागतं.

खरा वेळ घालवा तो गाडी तपासण्यात. ट्रॅकची गाडी पडलेली असणार हे धरूनच चाला. प्रश्न एवढाच की किती जोरात. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि ते जिथे अडतं तो स्टीअरिंग स्टॉपचा धातू वाकून, टॉर्च मारून बघा. तो चेपलेला, तुटलेला किंवा नव्याने वेल्ड केलेला दिसला तर गाडी सोडून द्या, फ्रेमपर्यंत मार गेलेला असू शकतो. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मध्यावर खाच असल्यासारखं अडलं तर स्टीअरिंगचे बेअरिंग गेलेत. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवरून बोट फिरवा, तेल लागतंय का बघा. ओरखडलेलं फेअरिंग मात्र मनावर घेऊ नका. उलट जुन्या गाडीवर चकचकीत नवं फेअरिंग दिसलं तर आधीचं कुठे गेलं ते जरूर विचारा.

ऑइलच्या ड्रेन बोल्टला आणि फिल्टरला सेफ्टी वायर (ते ढिले होऊन निघू नयेत म्हणून लावतात ती तार) बांधलेली असेल, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी असेल, तर आधीच्या मालकाला काम कळत होतं असं समजा. ग्लायकॉलचं कूलंट ट्रॅकवर सांडलं की फार निसरडं होतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते चालवूच देत नाहीत.

सगळे पैसे गाडीत घालू नका. लेदर सूट, बूट, ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट यांचा खर्च आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात गाडी बसवा. गाडी घेतल्यावर पहिल्याच दिवसाआधी टायर आणि ब्रेक फ्लुइड नवीन घाला. जुन्या फ्लुइडने ओलावा शोषलेला असतो, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि ट्रॅकवर ब्रेक तापले की लीव्हर ढिला पडत हँडलकडे येतो. ते ज्या वळणाआधी होतं तिथे दुसरी संधी नसते. एक्झॉस्ट वगैरे राहू द्या. त्याऐवजी ब्रेक लीव्हर, क्लच लीव्हर आणि फुटरेस्ट एकेक जादा जवळ ठेवा. साधी घसरण झाली तरी बहुधा हेच तुटतं आणि तेवढ्यासाठी अख्खा दिवस वाया जातो.

६०० चा विचार कधी करायचा? तुमच्या लॅपच्या वेळा एकमेकींच्या जवळ येऊ लागल्या, वळण संपायच्या आत थ्रॉटल पूर्ण उघडू लागला आणि मोठ्या गाड्यांना तुम्ही वळणांत गाठू लागलात, की खुशाल घ्या.