तालमीची वेळ

नौपाडा, ठाणे

चि. …

अनेक उत्तम आशीर्वाद.

ऐरोलीच्या तुझ्या कार्यालयाने सांस्कृतिक समिती तुझ्याकडे सोपवली आणि ‘कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी’ वर्षभराचे उपक्रम आखण्यास सांगितले, हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. कारण अशा वेळी स्नेहसंमेलनाची छायाचित्रे झळकवून मूळ विषय मिटवण्याची सोय होते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी होतो. (1948 च्या कारखाने अधिनियमानुसार 500 किंवा अधिक कामगार असतील तेथे हे पद ठेवावेच लागे.) कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी आम्ही नाटक बसवले, तेव्हा लेथवरचा एक अबोल कामगार सूत्रधार झाला होता. एरवी साहेबांसमोर मान वर न करणारा हा माणूस तालमीत त्यांनाच थांबवून, “साहेब, तुमची एन्ट्री चुकली,” असे सांगू लागला आणि साहेबही निमूटपणे पुन्हा विंगेत जाऊ लागले. प्रयोगाच्या टाळ्या मला आज आठवत नाहीत. त्या सहा आठवड्यांत खात्यातले बोलणे मोकळे झाले, ते मात्र आठवते.

पुढच्या वर्षी व्यवस्थापनाला मोठा कार्यक्रम हवा होता. मी पाळी सुटल्यावर तालमी लावल्या आणि हजेरी सक्तीची केली. रात्रपाळी करून थांबलेल्या एका मुलाने सवलत मागितली, तेव्हा “चार दिवसांचा तर प्रश्न आहे,” असे मी त्याला म्हणालो. तो विंगेतच बसल्या बसल्या झोपी गेला आणि मी त्याच्या नावापुढे लाल शेरा मारला. तो शेरा मला अजून बोचतो.

म्हणून तालीम कामाच्या वेळेतच ठेव, आणि त्या तासांचे काम खरोखर कमी केले आहे का, हे संघप्रमुखांकडून लेखी घे. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नकोस. त्याचा नकार वार्षिक मूल्यमापनापर्यंत पोहोचणार नाही, याचीही काळजी घे. परदेशी वेळेनुसार रात्री काम करणाऱ्यांसाठी दुपारचा कार्यक्रम म्हणजे शिक्षाच, हेही ध्यानात असू दे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, ती कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न हाताळल्याचा परिणाम म्हणून: शक्ती संपणे, कामाविषयी मन उठणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. ज्याचे मूळ कामाच्या आखणीत आहे, ते लेझीम खेळून जाणार नाही. समितीच्या पहिल्याच बैठकीत हे स्पष्टपणे बोल, मग भले वरिष्ठांच्या कपाळावर आठी पडो.

आणखी एक. समिती म्हणजे उपचार नव्हेत. कोणाची झोप, भूक आठवडेच्या आठवडे हरवली असेल, तर त्याची कहाणी समितीत मांडू नये. ‘टेलिमानस’ या सरकारच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक सूचनाफलकावर नव्हे, तर स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने लाव, कारण तिथे तो टिपून घेताना कोणी पाहत नाही.

पहिल्या तालमीला मला जरूर बोलाव. ती संध्याकाळी सहानंतर असेल, तर मात्र मी येणार नाही.

तुझा,
काका