कन्नडमधला कागद

माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. नोकरी सोडायची असो, मुलीचं स्थळ असो की जमिनीची वाटणी असो: "ताई, हा विचार देवानं दिलाय की माझ्याच डोक्यातून आलाय, कसं ओळखायचं?" कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले एक भाऊ हेच विचारत आले होते. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. दीड एकर भातशेत, बांधावर काजूची झाडं, गावात कौलारू घर. आई आधीच गेलेली, नंतर वडीलही वारले. मृत्युपत्र नाही. दोन बहिणी: थोरली गडहिंग्लजला दिलेली, धाकटी बेळगावात. वडील सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं हगणं-मुतणं, औषधपाणी सगळं या भावानं आणि त्यांच्या बायकोनं काढलं. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून त्यांना लोभी म्हणणं फार सोपं आहे.

त्यांचा चुलतभाऊ जमिनीच्या व्यवहारात मुरलेला. त्यानं बहिणींच्या नावचं हक्कसोडपत्र तयारच करून आणलं होतं. "आत्ता दुःखात आहेत, सह्या घेऊन टाक. चार महिन्यांनी जावई जागे होतील," असा त्याचा सल्ला.

"मी लगेच हो म्हटलं नाही ताई," भाऊ म्हणाले. "आठवडाभर प्रार्थना केली. मन एकदम शांत झालं बघा. म्हणजे देवाची इच्छाच की."

मनाच्या शांतीवर आपली मंडळी फार भिस्त ठेवतात. मला त्याची भीती वाटते. बायबलमधला संदेष्टा योना देवाची आज्ञा मोडून पळाला, समुद्रात वादळ उठलं, खलाशी ओरडत होते, आणि हा तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता. त्यालाही शांतच वाटत असणार.

मी कागद मागितला. प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट ठेवलेला होता. बहिणींनी सह्या कुठं करायच्या तिथं पेन्सिलीनं बारीक फुल्या मारल्या होत्या. मजकूर अर्थातच कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येतं, म्हणून मी सावकाश मराठी करत गेले. 'आम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना...'

"स्वखुशीनं म्हणताय, पण थोरलीला विचारलं कधी?"

"विचारायचंय अजून."

"आणि हे ती वाचणार कसं?"

"तिला कुठं कन्नड येतंय वाचायला. चुलतभाऊ म्हणाला, ते बरंच..." आणि ते थांबले. वाक्य पुरं केलंच नाही. पंख्याखाली तो कागद फडफडत होता, तो त्यांनी हातानं दाबून धरला.

मग आम्ही बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय काढला. वरून येणारं ज्ञान मुळात शुद्ध असतं, मग शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दयेनं भरलेलं, निःपक्षपाती, निर्दंभ. या यादीतले दोन शब्द मी नेहमी धरते. निर्दंभ, म्हणजे ज्याला मुखवटा लागत नाही: जी युक्ती ज्याच्यावर चालवायची त्याच्या तोंडावर सांगता येत नाही, तिला प्रार्थनेचा अंगरखा घातला तरी ती खालचीच. आणि समजूत होण्याजोगं: दुसऱ्याचं ऐकून बदलायची ज्याची तयारी आहे. इथं तर फुल्यासुद्धा आधीच मारून झाल्या होत्या.

"मग काय, सगळं देऊन टाकू? सहा वर्षं केलं त्याचं काय?" ते चिडले. चिडणं रास्त होतं. दैवी ज्ञान म्हणजे बावळटपणा, असा समज आपल्या उपदेशांतूनच पसरलाय. 'कबुतरासारखे निष्कपट व्हा' म्हणताना येशूनं 'सापासारखे चतुर व्हा' असंही सांगितलंय. पण वाटण्या मी सांगितल्या नाहीत. 'माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा' म्हणणाऱ्या माणसाला खुद्द प्रभूनंही, मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं, असं विचारलं. मी त्यांना एका वकिलाकडे पाठवलं. तिथं त्यांना कळलं की ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि आईही हयात नसेल, तर वडिलांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी सारखेच. म्हणजे तिघांना तीन सारखे भाग. बहिणींचा वाटा ही भावानं करायची मेहेरबानी नव्हतीच.

माझं सांगणं एवढंच होतं: तो कागद घेऊन गडहिंग्लजला जा, थोरलीसमोर बसून मराठीत वाचून दाखवा, दवाखान्याची बिलंही न्या.

ते गेले. सोपं झालं नाही. पहिला कागद कसा बनला होता हे ऐकून थोरली खूप रडली, मग खूप बोलली. जेवायलासुद्धा थांबवलं नाही. दोन महिने फोन बंद. नंतर तिनंच बिलं मागून घेतली, निम्मा खर्च तिघांत वाटला आणि उरलेला आपला वाटा तीन हप्त्यांत पैशानं घ्यायला तयार झाली. धाकटीनं शेतातला हक्क सोडला, पण घरातला नाही. "माहेरला यायला मला कुणाला विचारावं लागू नये," म्हणाली. नव्या कागदाला भावानं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं मराठी जोडलं आहे. चुलतभाऊ बोलत नाही.

पहिला हप्ता गेला त्याच महिन्यात मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. भावाच्या बायकोनं गळ्यातली बोरमाळ गहाण ठेवली. या सगळ्यात तिला कुणी विचारलंच नाही, मीही नाही, हे मला उशिरा लक्षात आलं. सासऱ्याचं अंथरूण सहा वर्षं तिनंही धुतलं होतं. येत्या गुरुवारी ती एकटीच येते म्हणालीय.