गिरणीचा ओटा

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. सरपंच झालास, पेढे पोचले. परवा फोनवर विचारलंस, "काका, राजकारणात स्वच्छ कसं राहायचं?" मस्टरवर खोटी नावं चढवू नयेत, न झालेल्या नालीच्या बिलावर सही करू नये, हे तुलाही कळतं. पैशाच्या मोहानं मला फारसं छळलं नाही. मी हरलो ते वेगळ्याच ठिकाणी.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला आणि आपल्याकडं दंगली पेटल्या. दलित वस्त्या जळाल्या. आमच्या गावात मात्र काडीही पेटली नाही, असं आम्ही अजून फुशारकीनं सांगतो. फक्त गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण बंद केलं.

मी तिथंच ओट्यावर होतो. एक म्हातारी ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन आली. गिरणीचा पट्टा फिरत होता, आणि तो म्हणाला, "लाईट न्हाई." तिनं फिरत्या पट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कॉलेजात शिकलेला, समतेवर भाषणं ठोकणारा. मी तंबाखू मळत राहिलो. गिरणीवाला माझा चुलता होता. माझा शब्द त्यानं खाली पडू दिला नसता.

पुढं नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. साडेपंधरा वर्षं! या काळात खाजगीत "नाव द्यायलाच पाहिजे" म्हणणारे पुढारी मी पाहिले. पारावर बसले की तेच पीकपाण्यावर बोलायचे. रझाकारांपुढं न डगमगलेली काही माणसंसुद्धा या प्रश्नावर आपल्या माणसांपुढं गप्प झाली. (विरोध करणाऱ्या सगळ्यांच्याच मनात द्वेष होता असं नाही, पण जळालेल्या घराला त्याचं काय?)

विरोधी पॅनेलची धास्ती घेऊ नकोस. तुझ्यासाठी रात्र रात्र फिरलेली पोरंच एक दिवस म्हणतील, "वस्तीच्या स्मशानभूमीच्या रस्त्याचं राहू द्या, पुढच्या ग्रामसभेत बघू." त्याच बैठकीत तो विषय घे, ठराव लिहून घे आणि ग्रामसेवकाला मोठ्यानं वाचायला लाव. काही पोरं तुटतील. तुटू दे.

ती म्हातारी त्यानंतर दळणाला शेजारच्या गावी पायी जायची. वाटेत भेटली की डबा सावरत मलाच विचारायची, "बरं हाय का, मालक?"

तुझा,
काका