घरच्या मांडणीसाठी वाफेच्या इंजिनाचे जुने मॉडेल विकत घ्यावे का, आणि घेताना काय तपासावे?

आपण ऐरोलीला राहता, सहा फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर मॉडेल रेल्वेचे 16.5 मिलिमीटर गेजचे (म्हणजे दोन रुळांत तेवढे अंतर असलेले) रूळ मांडले आहेत, जवळ 12 व्होल्ट डीसीचा नवा कंट्रोलर आहे, आणि 1970 च्या आसपासचे ट्राय-अँग हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीचे, वाफेच्या इंजिनासारखे दिसणारे पण विजेवर चालणारे मॉडेल इंग्लंडमधील एका विक्रेत्याकडून मागवावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की जरूर मागवावे, परंतु ते अगदी हळू चालताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रंग, मूळ पॅकिंगची डबी, अक्षरांची झळाळी या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. आमच्या लहानपणी ठाण्याला सगळी विजेची लोकल असे. वाफेचे इंजिन पाहायचे तर वडील नेरळला घेऊन जात आणि माथेरानच्या गाडीपुढे आम्ही तासभर उभे राहत असू. ती ओढ मनात राहिली आणि नोकरी संपल्यावर मी पहिले इंजिन घेतले. ते ट्राय-अँगचे ‘जिंटी’ होते, म्हणजे सहा चाकांचे, टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) नसलेले, काळे, बुटके टँक इंजिन. विक्रेत्याने ‘तपासलेले, चालते’ असे लिहिले होते आणि ते खोटे नव्हते, कारण कंट्रोलर पूर्ण फिरवला की ते रुळांवरून सुसाट धावत असे. परंतु वेग कमी केला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी ते अडखळे, क्षणभर थांबे आणि मग झटका देऊन पुढे सरके.

कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. वाफेच्या इंजिनाच्या दोन बाजूंचे जोडदांडे (एका बाजूची चाके एकमेकांना जोडणारे दांडे) एकमेकांशी 90 अंशांच्या कोनात असावे लागतात, म्हणजे एका बाजूचा दांडा सर्वांत वर असेल तेव्हा दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो. खऱ्या इंजिनात हे अशासाठी की एका बाजूचा दट्ट्या मृतबिंदूवर, म्हणजे चाक ढकलू शकत नाही अशा जागी, असताना दुसऱ्या बाजूने जोर लागावा. मॉडेलमध्ये जोर मोटार देते, तरीही तिन्ही आसांवर हा कोन अगदी सारखा नसेल तर दांडे एकमेकांना अडवतात. माझ्या जिंटीचे मागचे एक चाक आसावर किंचित सरकले होते. या इंजिनांत मोटारीची गती वर्म गिअरमधून (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणाऱ्या गिअरमधून) आसाला मिळते, त्यामुळे चाके हाताने फिरत नाहीत. कोणीतरी ती जबरदस्तीने फिरवली असावीत. तेव्हा जुने इंजिन हाती आले तर चाकांना हात न लावता, इंजिन दुमडलेल्या पंचावर उलटे ठेवून, मोटारीचे आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरणारा गाभा) बोटाने हळूहळू फिरवावे आणि दांडे कुठे घट्ट होतात ते पाहावे.

आपण दूरवरून घेत असल्यामुळे ही पारख विक्रेत्याकडून करून घ्यावी लागेल. त्याच्याकडे दोन मिनिटांचे चित्रण मागावे, ज्यात इंजिन थांबलेल्या स्थितीतून अगदी कमी व्होल्टेजवर निघते, एक मीटरभर अंतर रेंगाळत जाते, थांबते आणि तसेच उलट येते. एका दिशेला नीट चालणारे आणि दुसऱ्या दिशेला कुरकुरणारे इंजिन बहुधा गिअर झिजलेले किंवा आर्मेचर पुढेमागे सरकत असलेले निघते. सोबत खालच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र मागावे. हे दोन्ही द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याची किंमत कितीही आकर्षक असली तरी मी पुढे जात नाही.

ट्राय-अँगच्या त्या काळच्या बहुतेक इंजिनांत एक्स-शून्य-चार ही उघडी मोटार असते, आणि आपल्यासारख्या नवशिक्याने जुने इंजिन घेण्याचे सर्वांत मोठे कारण मला तीच मोटार वाटते, कारण तिच्यातील प्रत्येक भाग दिसतो आणि दुरुस्त करता येतो. फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन कार्बन ब्रश एकाच चिमट्यासारख्या स्प्रिंगच्या दोन टोकांनी दाबले जातात आणि त्या स्प्रिंगच्या एका टोकावर विद्युतरोधक नळी चढवलेली असते. ती नळी तांदळाच्या दाण्याएवढी लहान असते आणि जुन्या इंजिनांत अनेकदा हरवलेली असते. ती नसली की शॉर्ट होतो आणि मोटार जळाल्याचा गैरसमज होतो. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो गोल भाग) काळा पडला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावा आणि त्याच्या तीन फटींत साचलेली कार्बनची भुकटी लाकडी टोकाने काढावी. मात्र आर्मेचर बाहेर काढू नये, कारण चुंबकाच्या टोकांमध्ये लोखंड न ठेवता ते काढले तर या जुन्या चुंबकाची शक्ती घटते, आणि मग मोटार जास्त करंट ओढून गरम होऊ लागते. चांगली मोटार डब्यांशिवाय साधारण अर्ध्या अँपिअरच्या आत चालते; मल्टिमीटरवर आकडा एक अँपिअरच्या पुढे गेला तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

1970 च्या दशकात पुढे टेंडरमध्ये मोटार बसवलेली इंजिने आली. दिसायला ती देखणी आहेत, परंतु त्यांत टेंडरच्या चाकांवर रबरी कडी असतात, ती कडक होऊन निसटतात. शिवाय एका रुळाची वीज इंजिनाकडून आणि दुसऱ्याची टेंडरकडून घेतली जाते, म्हणून दोघांना जोडणारा दांडा मळला की गाडी जागीच थांबते. पहिल्या खरेदीसाठी मी हा प्रकार सुचवणार नाही.

एक गोष्ट जाहिरातीत हमखास निसटते, ती म्हणजे इंजिन कोणत्या पद्धतीच्या रुळांसाठी आहे. हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश मालिकेची 1938 पासूनची इंजिने तीन रुळांची (मधल्या रुळातून वीज घेणारी) होती, दोन रुळांची 1959 पासून आली. मार्कलिन या जर्मन कंपनीची जुनी इंजिने एसीवर आणि मधल्या संपर्कावर चालतात. यांपैकी कुठलेही तीन रुळांचे इंजिन आपल्या रुळांवर ठेवताच शॉर्ट होईल. त्याचप्रमाणे सोबत जुना ट्रान्सफॉर्मर फुकट मिळत असेल तरी तो वापरू नये. अमेरिकेतला असेल तर 110 व्होल्टचा असतो, आणि इंग्लंडमधला असला तरी पन्नास वर्षांच्या वायरचे आवरण तडकलेले असते.

चाकांविषयीही बघावे लागेल. जुन्या चाकांच्या कडा खोल असतात. आपले रूळ कोड 100 चे (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) असतील तर बहुधा अडचण येणार नाही, कोड 75 चे असतील तर कडा रूळ धरून ठेवणाऱ्या, स्लीपरवरच्या खुंट्यांवर आपटत जातील. व्हर्नियर कॅलिपरने एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजावे. आजच्या पॉइंटवर (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यावर) ते साधारण 14.4 ते 14.5 मिलिमीटर लागते, जुन्या चाकांत ते कमी असते आणि गाडी पॉइंटवर उचलली जाते. वळणांची मात्र काळजी नको. आपल्या फळीची रुंदी 1220 मिलिमीटर आहे, त्यात 438 मिलिमीटर त्रिज्येचे वळण आरामात बसते, आणि जुनी इंजिने तर त्याहून घट्ट, 371 मिलिमीटरच्या वळणासाठीही बनवलेली असत.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी उभी करायची आपली इच्छा आहे, असेही आपण लिहिले आहे. साहिब, सिंध आणि सुलतान ही ती तीन इंजिने चौदा डबे घेऊन आली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची ती सुरुवातीची इंजिने व्हल्कन फाउंड्रीने बनवलेली होती, पुढे दोन लहान आणि मागे चार मोठी चाके असलेली, चालकाची उभे राहायची जागा उघडी असलेली. जिंटी त्यानंतर सत्तर वर्षांनी इंग्लंडमध्ये आली, त्यामुळे तिला रंग बदलून साहिब म्हणणे मला पटणार नाही. रुळांचेही तेच. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, तो या मॉडेलांच्या 1:76 प्रमाणात 22 मिलिमीटर व्हायला हवा, आपला मात्र 16.5 आहे. म्हणून ठाण्याचे ते दृश्य वेगळे ठेवावे, स्वतः कोरून करावे, आणि हे जुने इंजिन ब्रिटिश शंटिंग इंजिन म्हणूनच चालवावे.

डबी असलेल्या नगाला संग्राहक जास्त पैसे देतात. आपल्याला चालवायचे आहे, तेव्हा डबी नसलेला, रंग थोडा उडालेला, पण हळू चालणारा नग घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत टपालखर्च व आयात शुल्क भागवावे. ओतीव जस्तमिश्रित सांगाडा असलेल्या नगाच्या छायाचित्रात फुगवटा किंवा केसासारखी भेग दिसली तर तो सोडून द्यावा. मिश्रणातील शिशामुळे तो धातू आतून कुजतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते थांबत नाही.

खाडीकाठच्या पावसाळ्याचा त्रास इंजिनापेक्षा रुळांना जास्त होतो. जुन्या संचातले पोलादी रूळ माझ्या घरी पहिल्याच जुलैत गंजले, म्हणून मी निकेल सिल्व्हरचे घेतले. जिंटी आता सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात असते. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला मी ती बाहेर काढतो, आसांच्या टोकांना शिलाई मशीनचे तेल सुईच्या टोकावर राहील तेवढेच लावतो, आणि दोन्ही दिशांना दहा दहा मिनिटे फिरवतो. मागचे चाक नीट बसवल्यापासून ती कुठेही न अडखळता चालते.