रेसिंग टीममध्ये काम केलेल्या इंजिनिअरचा अनुभव फिरता दवाखाना, रुग्णवाहिका अशा खास गाड्यांच्या कामात उपयोगी पडतो का?

पडतो. फक्त तुम्हाला वाटतंय त्या जागी नाही. तुम्ही लिहिलंय की कॉलेजात फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी रेसगाडी केली, मग एका टीममध्ये सस्पेन्शन सांभाळलं, आता खास गाड्या बांधणाऱ्या कंपनीतून बोलावणं आलंय आणि 'सगळं नव्याने शिकावं लागेल का' ही धास्ती आहे. हा प्रश्न माझ्या दुखऱ्या नसेवरचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी रॅलीच्या गाड्या तयार करता करता या धंद्यात आलो. भोसरीतल्या एका बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात लागलो आणि पहिलं मोठं काम आलं ते फिरत्या एक्स-रे व्हॅनचं, धडगाव-अक्कलकुवा भागात क्षयरोग तपासणीसाठी. व्हॅन तयार झाली आणि उजवीकडे कलली. चालताना नव्हे, शेडमध्ये उभी असतानाच. पेशंटचा दरवाजा डावीकडे, म्हणून जनरेटर, बॅटरी बँक, स्टॅबिलायझर सगळं उजवीकडे रचलेलं, त्यातलं बरंचसं मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. आराखडा करणाऱ्याने जागा मोजली होती, वजन कुणी मोजलं नव्हतं.

प्रॉडक्शनच्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "उजव्या बाजूला एक पाटा वाढवा." पाटा म्हणजे लीफ स्प्रिंगमधली एक पट्टी.

मी म्हटलं, "साहेब, आधी चारही चाकांचं वजन बघू."

"तुम्ही रेसवाले गाडी हलकी करणार. मग एक्स-रे मशीन काय डोक्यावर घेऊन जाऊ?" सगळी शेड हसली. दुपारपर्यंत पाटा पडला, गाडी दिसायला सरळ झाली.

दिसायला. पाटा वाढवला की बॉडी वर उचलली जाते, वजन कुठेही जात नाही. डाव्या-उजव्या बाजूची बेरीज आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची बेरीज ही सामान कुठे ठेवलंय त्यावर ठरते. स्प्रिंगशी खेळून फक्त कर्णातल्या चाकांवरचा भार इकडचा तिकडे होतो. कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावरचा भार, एकदा स्वतःच्या हाताने लावलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तीस वर्षं बॉडी बांधणाऱ्या माणसाला मी ते आठवडाभर सांगत होतो.

रॅलीचे चाकाखालचे काटे एवढ्या वजनाला पुरत नाहीत, म्हणून ड्रायव्हरला घेऊन भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गेलो. पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर, मग फक्त डावी. (काटा आणि बाजूची जमीन एका पातळीत हवी, नाहीतर आकडे फसवतात.) उजवी बाजू डावीपेक्षा पावणेदोनशे किलो जड निघाली. पुढची चाकं नको तितकी हलकी. ते का, याचं गणित सोपं आहे: व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 3 मीटर धरा आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या 1 मीटर मागे 150 किलो ठेवा. मागच्या अ‍ॅक्सलवर 200 किलो वाढतात आणि पुढचे 50 कमी होतात. घाटात ब्रेक आणि स्टिअरिंग ज्या चाकांच्या भरवशावर, तीच हलकी.

आकडे कागदावर आले तेव्हा मालकांनी ऐकलं. बॅटरी बँक डावीकडे, बाकाखाली, अ‍ॅक्सलच्या पुढे आणली. आणि आता व्हॅन डावीकडे कलली! कारण तो पाटा अजून आत होता. तो काढल्यावर गाडी सरळ बसली. पार्टी बघायला आली तेव्हा साहेब त्यांना काय म्हणाले? "एक पाटा कमी केला, बसली सरळ." मी शेजारीच उभा होतो.

पाट्याचा दुसरा तोटा आत बसणाऱ्याला होतो: स्प्रिंग कडक होते, कमी दबते. भाराखाली स्प्रिंग 25 सेंटिमीटर दबत असेल तर बॉडी साधारण 1 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला एकदा, डोलते, 6 दबत असेल तर 2 ने, दीड दबत असेल तर 4 ने. बसलेल्या माणसाला 4 ते 8 हर्ट्झमधला उभा हादरा सगळ्यात जास्त त्रास देतो. ट्रॅकवरची गाडी मुद्दाम कडक ठेवतात, म्हणून तुमची सर्किटवरची सवय इथे उलटी पडेल. खडी-मातीची रॅली केली असेल तर जास्त जमेल: स्प्रिंग मऊ, ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायला जागा) भरपूर, काम शॉकअपकडून करून घ्यायचं.

रेसिंगमधले पार्ट उचलून आणू नका, विचार आणा. विल्यम्स या फॉर्म्युला वन टीमने 2009 च्या नियमांसाठी ब्रेकची ऊर्जा साठवणारं फ्लायव्हील (वेगाने फिरणारं चाक) केलं. त्यांच्या स्वतःच्या रेसकारवर ते शर्यतीत कधी लागलंच नाही. 2012 ला ल मांची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या ऑडीत मात्र ते होतं, आणि 2014 मध्ये जीकेएन या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने तो विभागच विकत घेतला, कशासाठी, तर शहरातल्या बससाठी. बस दर स्टॉपला ब्रेक मारते, म्हणून तिथे ते शोभतं. हायवेच्या ट्रकवर तेच नुसतं ओझं. ब्रिटिश लष्कराची फॉक्सहाउंड ही चिलखती गाडी घ्या: इंजिन अर्ध्या तासात बदलता येतं. हा सरळ सर्व्हिस पार्कमधला, म्हणजे रॅलीच्या मधे घाईत गाडी दुरुस्त करतात तिथला, विचार आहे. आपल्याकडे साधा फ्यूज बदलायला तीन पॅनल उघडायला लावतात.

आता साहेबांची बाजू, नाहीतर अन्याय होईल. ते म्हणायचे, "तुमची रॅली दोन दिवसांत संपते, माझी गाडी पंधरा वर्षं चालायची आहे." हे खरं आहे. आपण दर इव्हेंटनंतर गाडी उघडतो. ही गाडी तालुक्याच्या गॅरेजमध्ये उघडणार आणि तिथे मिळेल तेच बेअरिंग तिला बसणार. कार्बन फायबरचा हट्ट म्हणूनच सोडा. नवजात बाळाला हलवायच्या बेबीपॉड 20 साठी विल्यम्सच्याच लोकांनी कार्बन फायबर वापरलं, तिथे ते योग्य होतं: वस्तू छोटी, दोन हातांनी उचलायची, आणि 20 जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) धक्का सोसायचा. आख्ख्या बॉडीला तो न्याय लागत नाही.

एक राहिलंच. रुग्णवाहिकेला एआयएस-125 हे मानक आहे, मंजुरीसाठी एआरएआय किंवा आयकॅट या गाड्या तपासणाऱ्या संस्थांकडे जावं लागतं, आणि एकदा मंजूर झालेल्या आराखड्यात मनाला येईल तसं सामान हलवता येत नाही. म्हणून वजनाचं भांडण पहिल्या ड्रॉइंगच्या वेळीच करून घ्या. हा भाग मात्र तुम्हाला नव्याने शिकावा लागेल, सहा महिने कंटाळाही येईल.

पगार, पद वगैरे विचारलंय त्याबद्दल मी काय सांगणार, कंपनी-कंपनीवर आहे. मुलाखतीला जाल तेव्हा एवढं विचारा की तयार गाडी काट्यावर कोण नेतं आणि आकडे कुणाच्या टेबलावर जातात. "पाटा वाढवतो की आम्ही" असं उत्तर आलं तर पगार जास्त मागा.