अँबेसेडरचा वॉटर पंप गळतोय? आधी भोक बघ

अरे, थेंब कुठून येतोय ते आधी बघ. पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असतं. पाणी तिथून येत असेल तर आतलं सील गेलंय, बोल्ट कितीही आवळलेस तरी थांबणार नाही. पंप इंजिनाला बसतो त्या जोडावरून येत असेल तर गॅस्केट, म्हणजे जोडातलं पातळ पॅकिंग, बदलून भागेल.

मग इंजिन बंद आणि थंड असताना बेल्ट सैल करून पंखा हाताने पुढे-मागे हलव. हे टाळू नकोस. तुझ्या १४८९ सीसी इंजिनात पंखा पंपाच्याच दांड्यावर बसलाय. बेअरिंग ढिलं झालं की पाती थेट रेडिएटरमध्ये घुसू शकतात. हलत असेल तर गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाट चढायचा विचारही नको, गाडी उभीच ठेव.

गळती बुजवणाऱ्या पावडरी मला मुळीच पटत नाहीत, त्या रेडिएटरच्या नळ्याही बुजवतात. जुन्या पंपाची बॉडी शाबूत असेल तर सील-बेअरिंग बदलून घे, ती जपण्यासारखी असते. बसवताना जुनं गॅस्केट नीट खरवड. विहिरीचं पाणी भरू नकोस; डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाल. बेल्ट फार ताणलास तर नवं बेअरिंगही लवकर जाईल.