मुलीच्या नव्या वर्गशिक्षिका मेनोनाइट आहेत, शेतावर वाढलेल्या. हे लोक आमिशांसारखे शिक्षणाच्या विरोधात असतात का?

नाही. मेनोनाइट हा युद्ध नाकारणारा एक ख्रिस्ती पंथ. जुन्या पद्धतीने साधं जगणारे आमिश त्यातूनच १६९३ च्या सुमारास याकोब आमान या धर्मोपदेशकाच्या मागे वेगळे झाले. आठवीनंतर शाळा थांबवण्याचा १९७२ चा अमेरिकी सुप्रीम कोर्टातला खटलाही आमिशांचाच होता. मेनोनाइटांनी कॅन्ससमध्ये बेथेल कॉलेज काढलं ते १८८७ साली. शिक्षणाचा विरोध असता तर कॉलेज कशाला काढलं असतं?

प्रश्नातलं ‘शेतावर वाढलेल्या’ मात्र मला लागलं, कारण हेच शब्द मी घरात ऐकलेत. आम्ही पेनसिल्व्हेनियात मॉन्टगोमेरी काउंटीत राहतो. धाकटा तिसरीत गेला तरी वाचताना अडखळायचा, वर्गात रडायचा. शेजारी एक निवृत्त मेनोनाइट शिक्षिका राहतात, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. लँकेस्टर काउंटीतल्या गोठ्यात वाढलेल्या, शाळेच्या आधी पहाटेची धार काढणाऱ्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या वडिलांनी बंदूक धरायला नकार दिला आणि त्याऐवजी सरकारी मनोरुग्णालयात काम केलं. बाई पुढे हॅरिसनबर्गच्या मेनोनाइट कॉलेजात शिकल्या आणि जन्मभर सरकारी शाळेत शिकवलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, “धमतरी तुमच्या गावापासून किती लांब?” मी चकित झाले. त्यांची आत्या तिथल्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. अमेरिकन मेनोनाइट १८९९ च्या दुष्काळात धमतरीला आले. आजच्या छत्तीसगडमधलं ते गाव तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी होती आपलं नागपूर.

बाईंनी मुलाला स्वयंपाकघरात बसवलं, पण पुस्तक काढलंच नाही. म्हणाल्या, गाय घाबरली की पान्हा चोरते, तिच्यावर ओरडून दूध वाढत नाही. मग त्याला पत्र लिहायला लावलं, संगमनेरजवळ राहणाऱ्या माझ्या वडिलांना. अप्पा झेडपीच्या शाळेत मास्तर होते आणि घरी गाई होत्या, आजही आहेत. मुलाने विचारलं, दूध किती निघतं? अप्पांनी फॅट, डेअरीचा भाव, कडब्याची टंचाई, वासराला झालेली हगवण असं सगळं सोप्या इंग्रजीत, मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं. ते वाचायला पोरगा धडपडू लागला. बाई त्याच्याबरोबर वाचायच्या आणि लँकेस्टरच्या गाईंबद्दल स्वतःच्या दोन ओळी खाली जोडायच्या. वसंतापर्यंत तो वर्गात हात वर करू लागला.

ही पत्रांची युक्ती बाईंच्या डोक्यातून निघालेली नाही. आमच्याच भागात स्किपॅक आणि सॅलफर्डला अठराव्या शतकात क्रिस्टोफर डॉक नावाचे मेनोनाइट मास्तर होते. मधली काही वर्षं शाळा सोडून त्यांनी शेतीही केली. पुढे आठवड्यातले तीन दिवस एका शाळेत आणि तीन दिवस दुसऱ्या शाळेत शिकवायचे, आणि एका शाळेतल्या मुलांची पत्रं दुसऱ्या शाळेतल्या मुलांना नेऊन द्यायचे. अक्षर जमलं की बक्षीस म्हणून कागदावर फूल नाहीतर पक्षी काढून द्यायचे. छडी त्यांच्याकडे होती, पण मूल असं का वागलं हे ते आधी शोधायचे. शाळा कशी चालवावी यावर त्यांनी १७५० मध्ये लिहिलं, ते १७७० मध्ये छापून आलं.

माझे थोरले दीर तेव्हा नाशिकहून फोनवर सांगायचे, “शेण काढणाऱ्या घरातली माणसं, ती काय शिकवणार? चांगला क्लास लाव.” माझ्या अप्पांबद्दलही त्यांचं हेच मत, लग्नाच्या बोलण्यांपासून. मी स्पष्ट सांगते, शेतावर वाढलेला शिक्षक मला कधीही चालेल. पेरल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून बघायची नसते हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. भाऊजींच्या स्वतःच्या मुलाचे तीन क्लास बदलून झाले, तो आजही पुस्तक हातात धरत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, म्हणून इथे लिहायला संकोच नाही.

तर शेतावर वाढल्या म्हणून लगेच ट्यूशन लावू नका. आधी मुलीच्या बाईंना भेटा, त्यांच्या शेताबद्दल विचारा.

एक राहिलं. सगळे मेनोनाइट सारखे नसतात. ओल्ड ऑर्डर मेनोनाइट आजही घोडागाडी वापरतात आणि त्यांच्या मुलांची शाळा साधारण आठवीलाच संपते. पण तुमच्या बाई शिक्षकी शिकून नोकरीत आहेत, म्हणजे त्या बहुधा त्यातल्या नाहीत. शाळा सरकारी असेल तर त्या वर्गात धर्म शिकवू शकत नाहीत. चर्चची शाळा असेल तर बायबलचा तास असणार, तो चालेल का हे घरात आधीच ठरवा. आणि ध्वजाला उद्देशून प्रतिज्ञा म्हणताना त्या गप्प राहिल्या, तर त्याचा वेगळा अर्थ काढू नका. निष्ठेची शपथ बरेच मेनोनाइट घेत नाहीत. कोर्टातसुद्धा ते शपथेऐवजी नुसतं खरं सांगेन एवढंच म्हणतात.